स्लो कुकर आणि भोगीची भाजी

थंडी सुरू झाली आणि नवऱ्याने जाहीर केलं की आता घरात फक्त लोकल आणि सीझनल खायचं. जाहीर म्हणजे त्याने ठरवलं आणि आम्हाला कळवलं. अरे पण नाशिकमध्ये राहून हिवाळ्यात सीझनल न खाणंच अवघड आहे, बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या, बाजारात नुसती चक्कर मारली तरी वाल, पावटा, ओला हरभरा, मटार सगळं घेतलं जातंच, पण नाही, साहेबांना त्यासाठी मशीन पाहिजे होतं. मग स्लो कुकर आला. चिनीमातीचं जडशीळ भांडं, वर काचेचं झाकण, सकाळी लावा आणि दुपारी जेवा.

सासूबाईंनी एकदा सगळीकडून बघितला आणि म्हणाल्या, आम्ही डाळ चुलीच्या वैलावर ठेवायचो तेच की हे, नुसती वायर लावलीये. किंमत तिथेच निम्मी झाली.

पहिला मान भोगीच्या भाजीचा. गाजर तळाशी, कारण ह्यात कंदमुळं सगळ्यात उशिरा शिजतात, मग हरभरा, पावटा, शेंगदाणे, तिळाचं कूट, बोरं, आणि वांगी मागाहून, नाहीतर त्यांचं भरीत होतं. पाणी अगदी बेताचं, वाफ बाहेर जातच नाही ना.

जात नाही, पण झाकण उघडलं नाही तर! आमच्या घरात हे कसं जमायचं? एकदा उघडलं की वीस-तीस मिनिटं वाढतात असं नवरा सगळ्यांना बजावत होता आणि बजावताना स्वतःच उचलून दाखवत होता. सासूबाई मीठ बघायला, मुलगा बोरं काढायला, शेजारच्या काकू नवीन काय आणलंय ते बघायला. दुपारचे दोन वाजले, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी गार झाल्या, गाजर आपलं ताठच. न खाई भोगी तो सदा रोगी, मुलगा म्हणाला, चला, आपण सगळेच रोगी. सासूबाईंनी काही न बोलता अर्धी भाजी प्रेशर कुकरमध्ये ओतली, दोन शिट्ट्या, पानं वाढली.

उरलेली अर्धी संध्याकाळी शिजली आणि खरं सांगते, फार भारी झाली होती, पण हे नवऱ्यासमोर कोण बोलणार? तरी त्याने चेहऱ्यावरून ओळखलंच, लगेच राजमा आणतो म्हणाला. पण कुकरबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं की लाल राजमा आधी दहा मिनिटं खळखळून उकळायचा, नुसत्या मंद आचेवर त्यातलं विष जात नाही. विष हा शब्द ऐकल्यावर सासूबाईंनी प्लगच काढला.

वायरवाला भाग आता माळ्यावर आहे. चिनीमातीचं भांडं मात्र खालीच ठेवलंय, कैऱ्या आल्या की त्यात लोणचं घालायचंय म्हणे.