थर्मासमधली लढाई

शनिवारी रात्री अव्याने कट्ट्यावर स्वतःचा शोरील, म्हणजे कामाचे निवडक शॉट, दाखवायला मोबाइल काढला आणि तिथून वादाला तोंड फुटलं. अव्या गोरेगावात व्हीएफएक्सच्या स्टुडिओत कंपोझिटिंग करतो, म्हणजे वेगवेगळे थर जोडून एक चित्र बनवतो. शॉट अकरा सेकंदांचा. चाळीसेक अवकाशजहाजं समोरासमोर, लाल-हिरव्या रेषांचा मारा, मधलं जहाज कमरेत मोडतं आणि आगीचा लोळ थेट अंगावर येतो. संदेशने तर शिटीच मारली.

"छान आहे," मेघना म्हणाली. "यातलं काहीच होणार नाही."

मेघना अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे अव्या तयारीत होता. "पोकळीत आवाज जात नाही, माहितीये. ते सोडून बोल."

"आवाज माफ. जहाजं एवढी चिकटून का उभी आहेत? लोकलच्या दारात उभी असल्यासारखी?"

"फ्रेममध्ये मावायला नकोत?"

"मग तुझ्या फ्रेमचाच हिशोब करू. पृथ्वीजवळच्या कक्षेत वेग असतो सेकंदाला साडेसात-पावणेआठ किलोमीटर. तुझ्या सेकंदात फ्रेम २४. म्हणजे एका फ्रेममध्ये जहाज तीनशेवीस मीटर सरकलं. समोरून दुसरं तसंच येत असेल तर दोघांत मिळून सहाशेचाळीस. या फ्रेममध्ये अजून आलेलं नाही, पुढच्या फ्रेममध्ये गेलेलं. तू रंगवणार काय?"

अव्या डगमगला नाही. दिग्दर्शक ल्यूकसने १९७७च्या 'स्टार वॉर्स'साठी इफेक्ट्स तयार होण्याआधी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या झटापटींची जुनी फिल्म जोडून कच्चं एडिट लावलं होतं आणि तेच समोर ठेवून यानांचे शॉट बनले, असं त्याने ठणकावून सांगितलं. माझ्या मते इथे त्याने आपलीच केस घालवली. विमान वळताना कलतं, कारण त्याच्या पंखाखाली हवा असते. रिकाम्या जागेत कलून वळणारं यान म्हणजे जमिनीवर उभं राहून पोहण्याचे हात मारणं. पण अव्याचं म्हणणं असं की प्रेक्षकाला वळण *दिसायला* हवं. ते मला खोडता येईना, म्हणून मी चहा मागवला.

आमचा चहावाला साडेदहानंतर सायकलवरून येतो. हँडलला स्टीलचा मोठा थर्मास आणि कागदी कपांची माळ.

"बरं, पाठलाग तरी होईल की नाही?" संदेशने विचारलं.

"होईल, पण उलटा," मेघना म्हणाली. "जून १९६५, अमेरिकेचं जेमिनी ४ यान. मॅकडिव्हिट नावाचा अंतराळवीर आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायला बघत होता. नाक तिकडे केलं, इंजिन दाबलं. अंतर कमी व्हायचं सोडून वाढायला लागलं. वेग वाढवला की तुमची कक्षा वर जाते आणि वरच्या कक्षेत फेरी मारायला वेळ जास्त लागतो. पुढच्याला गाठायचं तर आधी ब्रेक मारून खाली उतरायचं."

"टिळक ब्रिजवर मारून बघतो आणि सांगतो."

"हसू नकोस. आपल्या इस्रोचं स्पेडेक्स आठव. प्रत्येकी २२० किलोचे दोन उपग्रह, दोन्ही आपलेच, दोन्ही ऐकणारे. ३० डिसेंबर २०२४ला सोडले. मध्ये तीन मीटरपर्यंत जवळ आणून परत मागे घेतले. जोडले गेले १६ जानेवारीला. सतरा दिवस, आणि समोरचा पळतही नव्हता!"

मग मीही माझं घोडं दामटलं. अंतराळात तोफ खरोखर डागली गेलेली आहे. सोव्हिएत सल्यूत ३ या लष्करी स्थानकावर विमानातल्या तोफेवरून बनवलेली २३ मिलिमीटरची तोफ होती. ती घट्ट बसवलेली, फिरत नसे. नेम धरायचा तर अख्खं स्थानक वळवायचं. २४ जानेवारी १९७५ला आत कुणी माणूस नसताना जमिनीवरून ती उडवली, आणि धक्क्याने स्थानक मागे ढकललं जाऊ नये म्हणून सोबत इंजिनं चालवावी लागली. बंदूक चालवायला सगळं घर फिरवायचं! मला हे दृश्य फार आवडतं. अव्याने तोंड वाकडं केलं.

आतापर्यंत शेंगा सोलत बसलेल्या संदेशने इथे आरमार आणलं. तो थळचा, अलिबागजवळचा. घराच्या मागच्या वाळूवरून खांदेरी दिसते. "तुम्ही चुकीच्या ठिकाणी लढताय," तो म्हणाला. "भर समुद्रात कोण कशाला लढेल? लढाई होते ती बेटासाठी, खाडीच्या तोंडासाठी. १६७९ला महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली म्हणून मुंबईचे इंग्रज आले. नाहीतर कशाला येतील? तसंच तिकडे. ग्रह असेल, बंदरासारखं स्थानक असेल, तिथे दोघांनाही यावंच लागेल. मग होतीलच जवळ."

हे खरंच बिनतोड होतं. मेघनानेही मान्य केलं.

"आणि इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्याची वाट बघत अडकायची तेव्हा आमच्या वल्ह्यांच्या होड्या रात्री अंधारात बेटावर रसद पोचवायच्या. अवकाशात तर अंधारच अंधार. छोटी यानं गुपचूप—"

"गुपचूप नाही जमणार." हे पराग बोलला. पराग मॉल आणि ऑफिसांच्या एसी प्लांटचं मेंटेनन्स बघतो आणि कट्ट्यावर सहसा फक्त ऐकतो. "तुझ्या होडीत माणसं आहेत, मशिनरी आहे. उष्णता होणारच. ती टाकणार कुठे? आमचा चिलर उष्णता गच्चीवरच्या कूलिंग टॉवरला देतो, टॉवर हवेला देतो. तिकडे हवा कुठेय?"

त्याने चहावाल्याचा थर्मास टिचकीने वाजवला. "काका, यात चहा गरम का राहतो?"

"चांगला थर्मास आहे म्हणून."

"दोन भिंतींच्या मध्ये पोकळी आहे म्हणून. तुमचं लढाऊ जहाज म्हणजे हा थर्मास, आणि आपण आतला चहा. अंतराळात मरताना गारठून मरतात हे सिनेमात. बंद जहाजातले आधी उकडून मरतील."

मेघना लगेच सरसावली. पोकळीत उष्णता फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात जाते, म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला सौरपंखांखेरीज पंखांसारखेच पसरलेले मोठमोठे पांढरे रेडिएटर आहेत. आत अमोनिया फिरतो. फेकली जाते ती जास्तीत जास्त सत्तर किलोवॅट.

परागने मनात भागाकार केला. एसीच्या हिशोबात साडेतीन किलोवॅट म्हणजे एक टन. "वीस टन? एवढे पंख लावून वीस टन? वीस टनात मॉलचा एक मजला थंड होत नाही रे!"

"रेडिएटर जास्त तापवला तर पंख लहान चालतात. केल्विनमध्ये तापमान दुप्पट केलं की सोळापट उष्णता जाते."

"म्हणजे लालबुंद पत्रे बाहेर काढून फिरायचं."

"हो. आणि पाठीमागे सगळं थंडगार काळं आकाश. उष्णता टिपणाऱ्या अवरक्त कॅमेऱ्याला तू अमावास्येला पेटवलेल्या होळीसारखा दिसणार. संदेश, खांदेरीला रात्र होती. तिकडे रात्र नाही."

संदेशने शेंगांची टरफलं गोळा केली. "मग पंख आत घ्यायचे. रसद पोचेपर्यंत."

"घे," पराग म्हणाला. "मग मोज मिनिटं. पंख आत, उष्णता आत. आधी माणसं घामाघूम, मग इलेक्ट्रॉनिक्स एकेक करून ट्रिप. तोफ डागली की तिची उष्णता वेगळी. आणि समोरचा शहाणा असेल तर तो तुझ्या इंजिनावर मारणारच नाही. पंखांवर मारेल. एवढे मोठे, एवढे पातळ. अमोनिया गळाला की जहाज शाबूत, माणसं शाबूत, आणि लढाई संपली."

अव्या इतका वेळ गप्प होता, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने मोबाइलवरचा शॉट बंद केला होता आणि तो नोट्समध्ये काहीतरी लिहीत होता.

"थांब," तो म्हणाला. "दोन जहाजं. एकमेकांपासून हजार किलोमीटरवर, फ्रेममध्ये एकच. दोघांचेही पंख आत. आधी कोण उघडतो, एवढंच. बरोबर?"

"असं होऊ शकतं," मेघना म्हणाली. तिच्या तोंडून हे दोन तासांत पहिल्यांदा आलं.

"आणि आवाज मी टाकणार. बाहेर नाही, आत. आत हवा आहे." त्याने परागकडे बघितलं. "प्लांट ट्रिप होतो तेव्हा कसला आवाज येतो?"

पराग जरा विचारात पडला. "येत नाही. जातो. दिवसभर घूं घूं चालू असतं ते कुणाला ऐकू येत नसतं. ते थांबलं की अख्खा मजला मान वर करून बघतो. गरम व्हायला अजून वीस मिनिटं असतात, पण सगळे आधी वरच बघतात."

अव्याने तेही लिहून घेतलं. चहावाला निघायला झाला होता. मी त्याला विचारलं, सकाळपर्यंत राहतो का यात गरम?

"राहतो की," तो झाकण आवळत म्हणाला. "पण तुम्ही चार वेळा उघडायला लावलंत."