मामा, ते बिल पावसाचं नाही, डांबराचं आहे

रविवारी सकाळी सांगलीहून मामांचा फोन आला. "काय गं, तुमच्याकडे पाऊस पडला की बिल येतं म्हणे?" आवाजात काळजी कमी, गंमत जास्त. फोन ठेवायच्या आत तो मेसेज घरच्या ग्रुपवर येऊन पडला. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत पावसावर कर लागलाय. तुमच्या घरावर किती पाऊस पडला ते उपग्रह मोजतो. पाणी साठवलंत तर तुरुंग. गटारातलं पाणी प्लांटमध्ये साफ होतंच, तरी लोकांना लुटतात. आणि पावसाचं पाणी मुळातच शुद्ध, त्याला साफ काय करायचं? शेवटी तिरंगा, आणि 'आपल्याकडे पाऊस अजून फुकट आहे'.

हाच मेसेज तीन वर्षांपूर्वी येऊन गेला तेव्हा मी गप्प बसले होते. आता मामाच विचारतायत. आणि मी राहते मेरीलँडमधल्या जर्मनटाउनला, म्हणजे हे 'पावसाचं बिल' वर्षानुवर्षं भरणाऱ्यांपैकी एक मीच आहे.

उपग्रहाचं आधी उरकते. आमच्या घरपट्टीच्या बिलात पाण्याच्या गुणवत्तेसाठी म्हणून एक वेगळी ओळ असते. आमच्या माँटगोमेरी काउंटीने (काउंटी म्हणजे इथला जिल्हाच म्हणा) ही आकारणी २००१ मध्ये आणली. ती पावसावर नाही. छप्पर, गाडी लावायची डांबरी जागा, फरसबंदी, म्हणजे जिथून पाणी जमिनीत मुरत नाही तेवढ्या जागेवर ती ठरते. ती जागा वरून काढलेल्या फोटोंवरून मोजतात, तेव्हा उपग्रहवाल्याला काठावर पास करते. पण कोरड्या वर्षीही आकडा तोच आणि वादळाच्या वर्षीही तोच. पाऊस कोणी मोजत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले तो मुद्दा: 'गटारातलं पाणी प्लांटमध्ये साफ होतंच.' बाकीची वाक्यं नुसती खोटी आहेत, हे वाक्य घाण करतं. कारण ते ज्याला पटतं, तो रस्त्याकडेच्या जाळीत काहीही ओततो.

हे मला कसं माहीत? मीच ओतलंय. या घरात आलो त्या उन्हाळ्यात एक खोली रंगवली आणि रोलर धुतलेली बादली सरळ फुटपाथच्या कडेच्या गटारात उलटी केली. समोरच्या आजी बागेतून उठून आल्या. रागावल्या नाहीत. जाळीशेजारी एक बिल्ल्याएवढी गोल पट्टी बसवलेली होती, माशाचं चित्र असलेली, तिच्यावर बोट ठेवलं: इथे काही टाकू नका, हे चेसापीक उपसागरात जातं. मग मला घरांच्या मागे झाडीत घेऊन गेल्या. तिथे काँक्रीटच्या पाइपाचं तोंड होतं, आणि त्याखालच्या ओढ्यात कोणी दूध सांडावं तशी पांढरी रेघ लांबत चालली होती. माझ्या खोलीचा रंग. मध्ये ना प्लांट, ना टाकी, ना गाळणी. तो ओढा सेनेका क्रीकला मिळतो, सेनेका पोटोमॅक नदीला, आणि मिळाल्यानंतर खालच्या अंगाला त्याच नदीतून आमचं पिण्याचं पाणी उचलतात.

दोन पाइप असतात, मामा. संडास-मोरीचं पाणी एका पाइपातून शुद्धीकरण केंद्राकडे जातं. रस्त्यावरचं पावसाचं पाणी दुसऱ्यातून, थेट ओढ्यात. इथल्या शहरांना आणि काउंट्यांना या दुसऱ्या पाइपासाठी परवाना घ्यावा लागतो, आणि त्याच्या नावातच 'सेपरेट' शब्द आहे: म्युनिसिपल सेपरेट स्टॉर्म स्यूअर सिस्टिम. मेसेज लिहिणाऱ्याने नाव वाचलं असतं तरी भागलं असतं. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याने आधी कारखान्यांचे आणि मैलापाण्याचे पाइप धरले. १९८७ च्या दुरुस्तीने शहरांची पावसाळी गटारं त्यात आली. १९९० मध्ये लाखाच्या वरच्या शहरांसाठी नियम झाले, १९९९ मध्ये लहानांसाठी. म्हणजे पाइपाच्या तोंडातून काय पडतं याचा जाब काउंटीला द्यावा लागतो.

अर्धं खरं एवढंच, की जुन्या शहरांत दोन्ही पाणी एकाच पाइपातून जातं. इथून तासाभरावरच्या राजधानी वॉशिंग्टनचा साधारण एक तृतीयांश भाग असा आहे, आणि हलक्या पावसात तिथलं पाणी खरंच प्लांटमध्ये पोचतं. जोराच्या पावसात मात्र पाइप भरतो आणि मैल्यासकट सगळं नदीत उतू जातं. त्यासाठी तिथे जमिनीखाली प्रचंड बोगदे खोदावे लागले. तेव्हा हे उदाहरण कोणी माझ्यावर फेकू नये.

आणि हे मी सांगलीकराला समजवावं? शेरीनाल्याचं पाणी कृष्णेत जातं म्हणून तुम्हीच किती वर्षं चिडताय. नाला साफ होऊनच नदीला मिळतो असं कोणी तुम्हाला सांगितलं असतं तर फोन आपटला असता.

'पावसाचं पाणी शुद्ध असतं.' ढगातून निघताना असेल. डांबरावर पडलं की ते इंजिनऑइल, ब्रेकची भुकटी, कुत्र्याची घाण आणि हिरवळीवरचं खत, सगळं घेऊन निघतं. सिएटलकडे कोहो जातीचे सॅल्मन मासे अंडी घालायला ओढ्यात आले की पावसानंतर काही तासांत मरायचे. वर्षानुवर्षं कोडं होतं. २०२० मध्ये तिथल्याच वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांसह एका गटाने कारण दाखवलं: टायर तडकू नयेत म्हणून रबरात घालतात त्या रसायनाचा हवेतल्या ओझोनशी संयोग होतो, आणि त्यातून तयार होणारं विष गटारातून ओढ्यात येतं. टायर! यावर कोणता शुद्ध पाऊस उतारा आहे?

एकच दस्तऐवज पुढे ठेवायचा तर अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचा २००८ चा अहवाल ठेवीन. देशाच्या जमिनीपैकी शहरी भाग ३ टक्के. पण पाहणी झालेल्या आणि बिघडलेल्या पाण्यांपैकी १३ टक्के नद्या, १८ टक्के तळी आणि ३२ टक्के खाड्या मुख्यतः शहरी पावसाळी पाण्याने बिघडलेल्या. हाच अहवाल सरकारी परवाना पद्धतीवरही तुटून पडलाय, म्हणजे तो कोणाची तळी उचलायला लिहिलेला नाही.

'लूट' म्हणाल, तर या मुद्द्यावर मला थोडं नमतं घ्यावं लागतं. मेरीलँडने २०१२ मध्ये नऊ काउंट्या आणि बाल्टिमोर शहराला अशी आकारणी सक्तीची केली. विरोधकांनी तिला 'रेन टॅक्स' म्हटलं, आणि तुमच्या मेसेजचं मूळ तिथेच आहे. त्या कायद्यात राज्य सरकारच्या स्वतःच्या इमारतींना माफी होती. लोकांना वळचणीखाली पकडायचं आणि आपण कोरडं राहायचं, हे चिडण्यासारखंच. चेसापीकमध्ये सर्वांत जास्त घाण शेतीतून येते हेही खरं. फ्रेडरिक काउंटीने निषेध म्हणून प्रत्येक मालमत्तेला वर्षाला एक सेंट आकारणी ठेवली, ते वाचून मीही हसले होते.

पण पुढचं मेसेजमध्ये नाही. 'रेन टॅक्स'वर टीका करत लॅरी होगन २०१४ ची गव्हर्नरची निवडणूक जिंकले आणि २०१५ मध्ये सक्ती उठली. आकारणीची सक्ती, परवान्याची नाही. परवाना तसाच राहिला. आमच्या काउंटीच्या २०१० च्या परवान्यात अट होती की जिथल्या पाण्यावर काहीच उपाय केलेला नाही अशा, पाणी न मुरणाऱ्या जागेपैकी २० टक्क्यांचं पाणी अडवा, मुरवा. ठरलेल्या पाच वर्षांत ते झालं नाही, उशीर झाला. पण कामाला पैसे लागतातच. 'पावसाचा कर' नसेल तर ते सर्वसाधारण करांतून जातात, आणि मग मॉलच्या अवाढव्य पार्किंगचा भार बिनगाडीचा भाडेकरूही उचलतो.

तुरुंगाचं दोन वाक्यांत. ओरेगॉनमध्ये २०१२ साली एका माणसाला शिक्षा झाली ती विनापरवाना बांध घालून तळी अडवल्याबद्दल, छपराखालच्या पिंपाबद्दल नाही. आमच्या काउंटीत पन्हळीखाली पिंप ठेवलं किंवा पाणी मुरवायचा वाफा केला तर उलट पैसे मिळतात. पुणे महापालिका पर्जन्यजल साठवणाऱ्याला घरपट्टीत ५ टक्के सूट देते, तीच ही गोष्ट.

एक हिशेब करून बघा, मामा. तुमचा स्लॅब १,००० चौरस फूट धरला तर एक इंच पावसात त्यावरून सुमारे २,३६० लिटर पाणी उतरतं. पूर्वी अंगणात मुरायचं. अंगणात पेव्हर ब्लॉक तुम्हीच बसवलेत.

मे महिन्यात याल तेव्हा त्या पाइपाच्या तोंडाशी नेते तुम्हाला. तीन दिवस पाऊस नसताना जाऊ. कोरडं असेल तर परत येऊन चहा. वाहत असेल, तर कोणीतरी काहीतरी ओतलेलं असू शकतं, आणि मग काउंटीच्या ३११ ला फोन तुम्ही लावायचा.