अंगठीची परीक्षा सोझनी शालीला लागू नाही

‘अंगठीतून आरपार निघाली तरच शाल अस्सल’ हे पश्मिना शालींवरील लेखातील विधान खटकले. त्यात शालजोडीतले देण्याचा माझा हेतू नाही, पण याच समजुतीने मीही एकदा फसलो आहे. ‘अंगठी शाल’ ही ख्याती मुळात शाहतूशची, म्हणजे चिरू या तिबेटी हरणासारख्या प्राण्याच्या लोकरीच्या शालीची. चिरूला मारल्याशिवाय ती लोकर मिळत नसल्याने तिचा व्यापार भारतात बेकायदा आहे. अंगठीतून कळतो तो केवळ कापडाचा तलमपणा. तलम कृत्रिम धाग्याची शालही तिच्यातून सहज जाते, उलट संपूर्ण अंगावर सोझनीचे, म्हणजे बारीक सुईने हाताने केलेले काश्मिरी, दाट भरतकाम असलेली अस्सल पश्मिना अडकू शकते.

श्रीनगरला अंगठीचा हा खेळ पाहून मी घेतलेली शाल, तिची उलट बाजू एका जुन्या रफूगराने दाखवली तेव्हा, यंत्रावर भरलेली निघाली. प्रत्येक फुलामागे एकसारखा, बॉबिनचा पांढरा धागा होता. हाताच्या कामात मागेही तेच रंग दिसतात, टाके किंचित कमीजास्त असतात आणि धागा एका पाकळीवरून दुसरीवर गेल्याची खूण सापडते. लेखात छायाचित्रे होती, मग उलट बाजूचे एखादे का नसावे?