जिद्द कमी पडत नाही, रस्ताच बंद आहे

मराठवाड्यातल्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्याचं सार असं: आपल्या सायन्स कॉलेजांत तरुण सहायक प्राध्यापक संशोधनात टिकत नाहीत, कारण त्यांच्यात जिद्द नाही. अनुदानं पडून असतात, ही मंडळी अर्जच करत नाहीत. राखीव जागेवर आलेले कायम झाले की हात झटकतात. मुली लग्न-बाळंतपणात अडकतात. आणि ज्याला खरंच सायन्स करायचंय त्यानं पुणं गाठावं. मी याच भागात रसायनशास्त्र शिकवते. हे वाचून खचलेले तरुण सहकारी रोज स्टाफरूममध्ये भेटतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

अनुदानाचा आधी, कारण सगळी गाठ तिथंच आहे. नव्यानं लागलेल्या शिक्षकांसाठी एसईआरबीचं (संशोधनाला पैसा देणारं केंद्राचं मंडळ) स्टार्टअप रिसर्च ग्रँट होतं, दोन वर्षांसाठी 30 लाखांपर्यंत. अट काय, तर नेमणूक नियमित पदावर हवी. राज्यातल्या कॉलेजच्या शिक्षकाला मोठ्या संस्थेत जाऊन काम करता यावं म्हणून ‘टेअर’ योजना निघाली, तीसुद्धा नियमित शिक्षकांसाठीच. आपल्याकडं नेट-सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) आणि पीएच.डी. झालेला मुलगा लागतो कुठं? सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. घेतले तितक्या तासांचं मानधन, तेही महिनोन्‌महिने रखडतं, उन्हाळ्यात हात रिकामे आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. या वर्षांत त्यानं अर्ज करायचा कुठल्या पदाच्या नावावर? जागा मंजूर व्हायची वाट, बिंदुनामावलीची (कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची ते ठरवणारी यादी) वाट, आणि काही संस्था जागेसाठी किती मागतात हे तर गावागावांत उघड बोललं जातं. चाळिशीच्या तोंडावर कायम झाला की बऱ्याच योजनांची वयाची अट आडवी येते. अर्ज न करणं आणि अर्जाला अपात्र असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो त्या मजकुरात कुठंच नाही.

कायम झाल्यावर तरी? यूजीसीच्या 2018च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. ते कागदावर. रिकाम्या जागांचे तास उरलेल्यांवर पडतात, वर प्रॅक्टिकलच्या बॅचेस, नॅकच्या (कॉलेजचं मूल्यांकन) फायली, एनएसएसचं शिबिर, परीक्षेची कामं, इलेक्शन ड्यूटी. संयुग तयार झालंच तर त्याचा एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी तपासणी) काढायला नमुना पुण्याला नाहीतर चंदिगडला कुरिअर करायचा, पैसे बहुतेक वेळा खिशातून. 2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा दिवसांत प्रयोगातली वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला आठ-आठ तास नळाचं पाणी सोडायला कोणाचं मन धजेल? हे सगळं सोसून वर्षाला एक पेपर काढणाऱ्या मुलाला जिद्द नाही असं म्हणताना लिहिणाऱ्याचा हात अडखळायला हवा होता.

राखीव जागांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. सवलत आहे ती पात्रतेत: पदव्युत्तरला 55 ऐवजी 50 टक्के, आणि नेटच्या निकालात प्रवर्गनिहाय कटऑफ. पदोन्नतीच्या अटी सगळ्यांना सारख्या, सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सगळ्यांनाच लागते. बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, त्या परंपरेतून शिकलेली ही माणसं आहेत. घरातली पहिलीच पिढी. प्रकल्पाचा अर्ज कसा लिहायचा, कोणाला दाखवायचा, हे घरी-नात्यात सांगणारं कोणी नसतं. शिवाय कॉलेजात पाय ठेवल्याबरोबर शिष्यवृत्तीचे फॉर्म, एससी-एसटी सेल, समान संधी केंद्र यांची जबाबदारी त्यांच्याच गळ्यात. ते काम गरजेचं आहे. पण त्याचे तास वर्कलोडमध्ये कोणी मोजत नाही.

बायकांचंही तेच. लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीत निम्म्या सदस्य महिला हव्यात, हा 2013चा कायदा. योग्यच आहे. पण सायन्सला तीनच बायका असलेल्या कॉलेजात त्याच तिघी तक्रार समितीत, त्याच वसतिगृहावर, त्याच स्नेहसंमेलनात. पीएच.डी. करताना 240 दिवसांची रजा 2016पासून नियमात आहे, मात्र तासिका तत्त्वावरच्या बाईनं तास बुडवला की मानधन गेलं. बाळंतपणानंतर तिचे तास दुसऱ्याला दिलेले असतात. मग लोक म्हणतात, सोडून गेली.

‘पुणं गाठा’ याला उत्तर थोडक्यात. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय, 2023 मध्ये केंद्रानं 2600 कोटींची मंजुरी दिली. जालन्यात आयसीटीचं (मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था) केंद्र आहे, परभणीत 1972पासून कृषी विद्यापीठ. इथं विज्ञान येतंय, त्यात इथली माणसं असणार की नाही एवढाच प्रश्न आहे.

हा मजकूर पुढं पाठवणाऱ्यांत काही प्राचार्य आणि विभागप्रमुखही आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती: जूनचं टाइमटेबल तुमच्या हातात असतं. नव्या माणसाचे पहिल्या दोन वर्षांतले तास थोडे कमी करा. एकाच्या माथी दोनपेक्षा जास्त समित्या मारू नका. प्रकल्प मिळवलेला एखादा ज्येष्ठ शिक्षक, दुसऱ्या कॉलेजचा असला तरी चालेल, त्याच्याशी जोडून द्या. आणि नमुने तपासायला वर्षाकाठी थोडी रक्कम कॉलेजच्या बजेटमध्ये वेगळी ठेवा. यातल्या कशालाही मंत्रालयाची परवानगी लागत नाही.