वापसा नव्हता, एंट्री फी भरली होती

नागपुरात माउंटन बाइकची शर्यत म्हटली की पहिला प्रश्न माउंटनचा येतो. समुद्रसपाटीपासून आम्ही तीनशे मीटरच्या जरासे वर. ज्यांना आम्ही हिल्स म्हणतो त्या सेमिनरी हिल्सवर मॉर्निंग वॉकवाले आजोबा राजकारण बोलत बोलत चढून जातात, दमही लागत नाही. टेकडी म्हणावं तर रेल्वे स्टेशनजवळचा टेकडीचा गणपती, आणि तिथं चढ शोधावा लागतो. तेव्हा डोंगराची कसर चिखलानं भरून काढायची, असं आयोजकांनी ठरवलं असावं. तारीख काढली ऐन ऑगस्टातली. मार्ग काटोल रोडच्या आतल्या बाजूनं, पांदणीतून, वावरांच्या धुऱ्यावरून म्हणजे बांधावरून, नाला ओलांडून पंचवीस किलोमीटर. पत्रकावर छापलं होतं, 'निसर्गाच्या कुशीत'. एकदा कुशीत घेतलं की निसर्ग सोडत नाही, हे मात्र कुठं छापलं नव्हतं.

आमच्या भागातली माती म्हणजे कापसाची काळी माती. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळा लागला की तीच भेगा मिटवून फुगून बसते. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या थराथरांत पाणी शिरतं आणि थर एकमेकांपासून लांब सरकतात. घर बांधणारा या मातीला शिव्या देतो, कारण ती पायवा हलवते. कापूस पेरणारा तिच्या पाया पडतो, कारण ती ओल धरून ठेवते. सायकलवाल्यानं तिचं काय करावं, याबद्दल अजून कोणी काही सांगितलेलं नाही.

तयारी जोरदार झाली. चिखलात टायरची हवा कमी ठेवावी म्हणजे पकड चांगली मिळते, हे खरंच आहे. म्हणून मी पंचवीस पीएसआयच्या आसपास उतरवली. आदल्या संध्याकाळी चौकातल्या पंक्चरवाल्याकडे स्टँडचा स्क्रू कसायला गेलो, तर त्यानं टायर दाबून पाहिला, माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि मी पैसे काढेस्तोवर दोन्ही चाकं दगडासारखी टणक करून दिली. "हवा नव्हती साहेब. आता पाहा कशी पळते." त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून बोलायची हिंमत झाली नाही. हवा पुन्हा सोडली ती घरी येऊन, अंधारात, चोरासारखी.

सकाळी स्टार्ट लाइनपाशी आयोजकांनी केळी ठेवली होती आणि रस्त्यापलीकडे एका ठेल्यावर तर्री पोहे होते. नागपूरकर अशा वेळी केळ्याकडे वळत नाही. शर्यतीआधी तर्री खाण्याबद्दल क्रीडाशास्त्र काय म्हणतं मला माहीत आहे. पण क्रीडाशास्त्र लिहिणाऱ्यांच्या नाकात तो वास गेलेला नसतो.

पाऊस धो धो पडत होता आणि सगळे आयोजकांवर भडकले होते. प्रत्यक्षात पहिले काही किलोमीटर झकास गेले. पातळ चिखल टायरला चिकटत नाही, चाक फिरलं की उडून जातो, मागच्याच्या तोंडावर जातो, पण जातो. मी चक्क माणसं मागे टाकत होतो. आणि मग पाऊस थांबला. ऊन पडलं. धुऱ्यावर उभ्या असलेल्या स्वयंसेवकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मते शर्यत त्याच क्षणी संपली.

कारण ही माती खरी चिकटते ती अर्धवट सुकताना. तासाभरात टायरवर एक थर बसला. त्यावर गवताच्या काड्या, त्यावर दुसरा थर, त्यावर खडे. थर पुढचं चाक धरणाऱ्या काट्याच्या दोन दांड्यांमध्ये जाऊन ठासला आणि चाक फिरायचंच थांबलं. हातानं काढावं तर हातही गेला. काठीनं काढावं म्हणून गेल्या वर्षीची तुराटी उचलली, ती मोडून चिखलातच राहिली. त्या दिवशी भर पावसाळ्यात, आधीच ओल्याचिंब कपड्यांत, मी देवाकडे आणखी पाऊस मागितला. शेतकरी सोडून या जिल्ह्यात एवढ्या कळकळीनं पाऊस दुसऱ्या कोणी मागितला नसेल.

हा खेळ रुजवला तो कॅलिफोर्नियातल्या पोट्ट्यांनी. १९७६ साली ते माउंट तमालपाईसजवळच्या एका धुळीच्या उतारावरून जुन्या, जाड टायरच्या सायकली सुसाट खाली सोडायचे. मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस तापून धूर निघायचा आणि ते पुन्हा नव्यानं भरावं लागायचं. त्यांची अडचण काय, तर सायकल थांबत नाही. आमची निघतच नव्हती. युरोपातल्या सायक्लोक्रॉसवाल्यांनी, म्हणजे चिखला-गवतातून सायकलच्या शर्यती लावणाऱ्यांनी, चिखलावर तोड काढली आहे. तिथं मोठे स्पर्धक एक सायकल मळली की मेकॅनिकच्या हाती देतात, धुतलेली दुसरी घेतात आणि पुढं जातात. आमच्या मार्गावर यासाठी एक निळा ड्रम आणि एक मग्गा ठेवला होता. मी पोचेपर्यंत मग्गा कोणीतरी सोबत नेला होता.

शेवटी सायकल खांद्यावर घेतली. इतके दिवस हलकी फ्रेम, हलका काटा म्हणून ज्या सायकलचं कौतुक केलं, तिचं वजन आता दुप्पट वाटत होतं आणि चेन मानेला लागत होती. समोर पळसाखाली एक काका उभे होते, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. मागे दोन बाया.

"काहून भाऊ, मोडली का सायकल?"

"नाही काका, शर्यत आहे."

"मंग चालवा ना."

"चालत नाही ना."

काकांनी चाकाला बोट लावून पाहिलं. "वापसाच नाही तं कशी चालन? आज आम्ही डवऱ्याचे बैल नाही घातले वावरात. बैलाले समजते." वापसा म्हणजे पावसानंतर वावरात औत चालेल इतपत बेताची ओल. मग जरा थांबून काका म्हणाले, "पैसे किती भेटते?"

"भेटत नाही. आपणच भरावे लागतात."

काका मागे वळले. "आयकलं का वो? पैसे भरून चिखल तुडवून राहिले हे!"

"सांगा त्याईले," त्यातली एक म्हणाली, "उद्या आपल्या वावरात या म्हणा. आपण फुकट तुडवू देतो."

पण त्यांनी खुरपं दिलं. त्या खुरप्यानं दोन मिनिटांत जेवढा चिखल निघाला, तेवढा मी अर्ध्या तासात काढला नव्हता. शिवाय काकांनी मार्गही सांगितला: एक तर धुऱ्यावरच्या गवतानं जा, नाही तर डबक्याच्या मधातून जा, पण काठच्या गाऱ्यात जाऊ नका. वर्षभर मोबाइलवर व्हिडिओ पाहून जे कळलं नव्हतं ते एका वाक्यात कळलं. पुढच्या प्रत्येक डबक्यात मी मुद्दाम मधोमध सायकल घातली. काठानं नीट, कोरडे बूट जपत जाणारे तरणे गडी तिथंच रुतून उभे होते. त्यांच्यातल्या एकानं जोर लावून पॅडल मारलं आणि कट्टकन आवाज आला. मागचा हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा, गेला. हा ॲल्युमिनियमचा तुकडा मुद्दामच नरम बनवतात, म्हणजे तो वाकतो किंवा मोडतो आणि फ्रेम वाचते. फार समंजस वस्तू आहे. मी त्याला तसं समजावून सांगितलं, पण त्याला त्या वेळी तत्त्वज्ञान नको होतं.

फिनिश लाइनवर माझा छातीवरचा नंबर कोणालाच वाचता येईना. टायमिंगची चिप तेवढी चिखलाखालूनही बोलली. नोंद करणाऱ्या मुलीनं गट विचारला. ड्रमजवळ तोंडावर आपटल्यापासून माझे पांढरे केस पूर्ण काळे झाले होते, त्यामुळे "चाळीशीच्या वरचा" हे उत्तर तिला थट्टा वाटली. तिनं मला सरळ खुल्या गटात टाकलं. चाळीशीच्या गटात मी मधे कुठंतरी आलो असतो. खुल्या गटात शेवटून पहिला आलो. तरीही तक्रार केली नाही. एवढं तरुण मला बऱ्याच वर्षांत कोणी समजलं नव्हतं.

घराच्या फाटकाशी शेजारच्या काकूंनी हाक मारली, "अगं, पोळा तर पुढच्या हप्त्यात आहे ना? काळी मारबत आजच निघाली का?" मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीनं काढतात तो पुतळा. बायकोनं वरूनच फर्मान काढलं, "अहो, आत येऊ नका. सायकल आणि तुम्ही, दोघंही आधी धुऊन या."

वॉशिंग सेंटरवरच्या मुलानं आम्हा दोघांकडे नीट पाहिलं. रेटच्या पाटीवर दुचाकी, कार, जीप, ट्रॅक्टर होते, सायकल नव्हती.

"काका, ट्रॅक्टरचा रेट लागन."

"अरे, सायकल आहे ही!"

"मातीचे पैसे हाय काका, गाडीचे नाही."

ते पटलं. त्यानं प्रेशर गन उचलली तेव्हा मी घाईनं सांगायला लागलो की बाबा, चाकाच्या मधे आणि पॅडलजवळ जोरात मारू नको, आत बेरिंग असतात, पाणी शिरलं की ग्रीस जातं.

"काका," तो म्हणाला, "आधी सायकल तर दिसू द्या. मंग सांगा बेरिंग कुठं हाय ते."