डोकं शेवटी बांधा

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगरावर दिवाळीत भरणाऱ्या यात्रेच्या तोंडावर व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: डोंगरावर कुणी पडलं तर खाटेवर घ्या, आधी डोकं बांधा, मग अंग करकचून आवळा, उतरवताना डोकं पुढे ठेवा, मधूनमधून पाणी पाजा. खाट नसली तर झोळी चालेल. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण या सल्ल्याने जखमी माणूस दगावू शकतो.

सगळ्यात घातक म्हणजे ‘आधी डोकं’. सातपुड्याच्या उतारावर खाट तिरपी झाली की धड पायांकडे घसरतं. डोकं पट्टीत अडकलेलं असेल तर सगळा ताण मानेवर. म्हणून एकाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं. बाकीच्यांनी छाती, कंबर, मांड्या, पिंढऱ्या बांधायच्या, तळव्यांना टेकू द्यायचा. डोकं शेवटी, तेही कपाळावरून. हनुवटीखालून पट्टी नको, उलटी आली तर तोंड उघडायला हवं.

‘करकचून आवळा’ म्हणे! माणूस म्हणजे कापसाची गाठ नव्हे. छातीवरचा पट्टा असा हवा की खोल श्वास घेता येईल, खालून तळहात सरकेल. हालचाल थांबवायची ती भरावाने: गुडघ्यांखाली, कमरेच्या पोकळीत, दोन पायांमध्ये, दोन्ही कुशींना गोधड्यांच्या घड्या. गुडघ्यावर किंवा जखमेवर पट्टा नको. बांधून झालं की पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोनेक सेकंदांत रंग परतला नाही तर पट्टे सैल करा. वाटेतही हे पाहत राहा. उलटी होऊ लागली तर अख्खी खाट कुशीवर करावी लागते. त्या वेळी माणूस जागचा सरकला नाही, तर बांधणी जमली.

उतरताना पाय पुढे, चढताना डोकं पुढे. म्हणजे डोकं वरच्या अंगाला राहतं.

पाणी? नाही. ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, शिवाय पुढे ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं बरं. ओठ ओले करा, बस.

राहिली झोळी. त्याच भागातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या कित्येक पाड्यांवर रस्ताच नसतो; तिथे बांबूच्या झोळीला शहरात बसून नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण उंचावरून पडलेल्याचा कणा झोळीत दुमडतो. अशा वेळी जवळच्या घरातली खाट मागून आणा, नाहीतर लाकडी दाराची फळी. आणि एक गोधडी अंगाखालीही घाला. दिवाळीच्या रात्री डोंगरावरचा गारठा खालूनही लागतो.