जावा की पायथन हे नंतर ठरवा, आधी एसक्यूएल पक्कं करा

निकाल लागले की जालना, परभणी, अंबाजोगाई, वसमतहून एकच प्रश्न येतो. "दादा, सी आणि सी प्लस प्लस झालंय, आता पुण्याला क्लास लावायचाय. जावा घेऊ का पायथन?" तोवर घरात सगळी जुळवाजुळव झालेली असते. सोयाबीन विकून फीचे पैसे बाजूला काढलेले, कर्वेनगरला कॉट बेसिसवर जागा बघून ठेवलेली. म्हणून मी उत्तर जपून देतो, आणि ते बहुतेकांना पटत नाही. पुढची भाषा एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलांतून हवी ती माहिती काढायची भाषा.

"ते तर सेकंड इयरलाच झालं," असं लगेच ऐकू येतं. काय झालं? एम्प्लॉयी आणि डिपार्टमेंट अशी दोन टेबलं, दहा-बारा ओळी, जर्नलमध्ये उतरवलेल्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, आणि व्हायव्हाला नॉर्मलायझेशनची व्याख्या. कामावरचा डेटा इतका गुणी नसतो.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांच्या आत एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, द्यावी, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. समजा एका टेबलात वजनकाट्याच्या पावत्या आहेत, दुसऱ्यात जमा केलेली बिलं. तुम्हाला सांगितलं, ज्यांचं बिल अजून निघालेलं नाही त्या शेतकऱ्यांची यादी काढा. पोरगं सरळ लिहितं: ज्यांचा कोड बिलाच्या टेबलात 'नॉट इन' आहे ते दाखव. क्वेरी चालते, एरर येत नाही, यादी रिकामी. साहेब खूश, सगळ्यांचे पैसे गेले म्हणून.

प्रत्यक्षात बिलाच्या टेबलात कुठेतरी एका ओळीत कोड टाकायचा राहून गेलेला असतो, तिथे 'नल' बसलेला असतो. नलशी कशाचीही तुलना केली की एसक्यूएलचं उत्तर 'हो' नसतं आणि 'नाही'ही नसतं, 'माहीत नाही' असतं. आणि अट लावणारं 'व्हेअर' फक्त 'हो' आलेल्या ओळी पुढे सोडतं. त्या एका नलमुळे बिल न मिळालेला एकही शेतकरी यादीत येत नाही. 'नॉट एक्झिस्ट्स', म्हणजे जुळणारी ओळ आहे की नाही एवढंच बघणारं, वापरलं असतं तर बिल न मिळालेले सगळे यादीत आले असते. हा फरक ज्याला कळतो त्याला मी मुलाखतीत चार भाषा येणाऱ्याच्या वर ठेवीन. चुकलेल्या यादीपायी खरा माणूस बँकेत हेलपाटे घालत असतो.

आता कोड लिहून देणारी एआयची साधनं सगळ्यांच्या हातात आहेत. तीही कधीकधी अशी 'नॉट इन'ची क्वेरी लिहून देतात आणि ती विनातक्रार चालते. रिकामी यादी बघून "हे शक्य नाही" म्हणणारा माणूस लागतोच, आणि असा माणूस तयार व्हायला डेटात हात घालावा लागतो.

दुसरं कारण टिकण्याचं. चेंबरलिन आणि बॉइस यांनी आयबीएममध्ये ही भाषा मांडली १९७४ साली, १९८६ ला तिचं प्रमाणित रूप ठरलं. आज हिंजवडीतल्या जावाच्या प्रोजेक्टखाली तीच आहे, पायथनवाल्या अ‍ॅनालिस्टच्या हाताखाली तीच, वाळूज-शेंद्र्यातल्या कंपन्यांच्या ईआरपीखालीही, म्हणजे सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरखालीही, तीच. मराठी माध्यमातून आलेल्या लेकरांना अजून एक सांगतो. सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर, ग्रुप बाय, हॅविंग, जॉइन, एवढ्या मोजक्या शब्दांत खूप काम होतं. इंग्रजीच्या धास्तीनं मागे राहायचं कारण नाही.

त्यानंतर जावा की पायथन? बँक-विम्याची कामं करणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांत जायचं असेल तर जावा. डेटाकडे ओढा असेल तर पायथन. दोन्ही एकदम नको. क्लासवाले पॅकेज म्हणून पाच गोष्टी गळ्यात मारतात, त्यातली एकही नीट होत नाही. जावा येत असेल आणि अँड्रॉइड करायचं असेल तर कोटलिन या भाषेकडे वळा, गूगलनं २०१९ पासून अँड्रॉइडसाठी तिलाच पहिली पसंती दिली आहे.

डिप्लोमा इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशनच्या पोरांनी मात्र माझं एक ऐकाच. तुमच्या दारात एवढी मोठी एमआयडीसी आहे आणि तुम्ही वेब डिझाइनच्या मागे लागता. पीएलसीच्या, म्हणजे कारखान्यातली मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, भाषांचं आंतरराष्ट्रीय मानक १९९३ मध्ये आलं. त्यातली आकृती काढून लिहायची लॅडर तुम्हाला येतेच, त्याच मानकातली शब्दांत लिहायची भाषा, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट, शिका. शिफ्टचं उत्पादन, मशीन किती वेळ बंद राहिलं, ही माहिती पीएलसीतून डेटाबेसमध्ये आणून रिपोर्ट काढणारा पोरगा शॉपफ्लोअरवर शोधून सापडत नाही. त्याला पुण्याला जायचीही गरज पडत नाही.

पोस्टग्रेस हे एसक्यूएल चालवणारं डेटाबेस सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. क्लासची फी भरण्याआधी महिनाभर त्यावर घालवा. गावातल्या दूध डेअरीचं रजिस्टर घ्या, डेअरीवाल्या काकांची परवानगी काढून. सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट, एसएनएफ, दर, उचल, सगळं टेबलात बसवा आणि दहा दिवसांचं बिल काढून त्यांच्या हिशोबाशी ताडून बघा. नाही जुळलं तर टेबलांची रचना आणि क्वेरी मला मेसेज करा. शेतकऱ्यांची नावं काढून पाठवा. संध्याकाळी कंपनीतून आलो की बघून सांगतो.